इन्सुलिन सोडायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

'बाहेरचं इन्सुलिन घेतलंत की पेशींवरचे रिसेप्टर कायमचे मरतात. आजच सुई बंद करा, इन्सुलिनच्या झाडाची दोन पानं रोज अनशापोटी चावा.' अशा अर्थाचा, मधुमेहाच्या रुग्णांसाठीचा लांबलचक मेसेज सध्या आमच्या सिंधुदुर्गात ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. फिरू दे म्हटलं असतं. पण वेंगुर्ल्याच्या माझ्या मावशीने तो वाचून रात्रीचा डोस घेतलाच नाही आणि सकाळी मला फोन करून विचारलं, "ह्यां खरां आसा काय रे?" नाही मावशी, खरं नाही.

आधी रिसेप्टर मरतात त्याचं बघू, कारण जिवावर बेतणारा मुद्दा हाच आहे. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पडद्यात आरपार बसलेलं प्रथिन. त्याच्या बाहेरच्या बाजूला इन्सुलिन चिकटलं की आतली बाजू जागी होते, आतल्या प्रथिनांना फॉस्फेट जोडू लागते, आणि निरोप एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. शेवटी स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत आत ठेवलेले ग्लूट-४ नावाचे वाहक वर पडद्यापाशी येतात, तेव्हा कुठे रक्तातली साखर आत शिरते. आता ते इन्सुलिन स्वादुपिंडातून आलं की टोचायच्या पेनातून, हे रिसेप्टरला कळायला मार्गच नाही. बाटलीतल्या ह्यूमन इन्सुलिनमध्ये तीच 51 अमिनो आम्लं असतात, त्याच क्रमाने.

अर्धं खरं आहे ते एवढंच, आणि ते मान्य करायला मला आवडत नाही: रक्तात इन्सुलिन सतत चढं राहिलं तर पेशी काही रिसेप्टर आत ओढून घेतात आणि निरोपाला थंड प्रतिसाद देतात. पण पेशी रिसेप्टर नवे बनवतच असते, ते 'कायमचे मरत' नाहीत. शिवाय टाइप 2 मधुमेहात हा थंडपणा बहुतेकदा सुई सुरू होण्याच्या कितीतरी आधीच आलेला असतो; पोटावरची चरबी आणि बसून राहणं त्याला हातभार लावतं. रोज चालायला जा, असं मेसेजवाल्याने लिहिलं असतं तर मीच तो पुढे पाठवला असता. स्नायू आकुंचन पावले की ग्लूट-४ इन्सुलिनच्या निरोपाशिवायही वर येतात. वजन उतरलं, साखर आटोक्यात आली, तर काहींचा डोस डॉक्टर कमी करतात, क्वचित बंदही करतात. डॉक्टर करतात, ग्रुप ॲडमिन नव्हे.

टाइप 1 मधुमेहाच्या पोराने हा मेसेज मनावर घेतला तर? त्याच्या शरीरात निरोप पाठवणारंच, म्हणजे इन्सुलिन बनवणारंच, कोणी उरलेलं नसतं. टोरांटोला 1922 च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन नावाचा 14 वर्षांचा मुलगा मरणाच्या दारात होता. त्या काळी अशा मुलांना उपाशी ठेवण्यापलीकडे उपाय नव्हता, आणि त्याचं वजन 30 किलोच्याही आत आलं होतं. 11 तारखेला दिलेला इन्सुलिनचा पहिला अर्क अशुद्ध निघाला, फारसा उपयोग झाला नाही. 23 तारखेला जास्त शुद्ध केलेला दिला आणि साखर उतरली. तो आणखी 13 वर्षं जगला. बाहेरच्या इन्सुलिनने रिसेप्टर मरतात म्हणणाऱ्याने आधी या मुलाचं काय ते सांगावं. इन्सुलिन अचानक तोडलं की पेशी चरबी जाळायला लागतात, रक्त आम्लधर्मी होतं, उलट्या सुरू होतात, श्वास खोल आणि जोरात चालतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. अशा वेळी काढा उकळत बसू नका, मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा.

झाडाचं म्हणाल तर ते आमच्याही परड्यात आहे, शोभेला बरं दिसतं. पण त्या पानात उद्या खरंखुरं इन्सुलिन सापडलं तरी चावून काय साधणार? इन्सुलिन हे प्रथिन. पोटात गेलं की माशाच्या तुकडीसारखंच पचतं. म्हणून तर सुई टोचावी लागते.

'हापूसची साखर नैसर्गिक, पेशी ती ओळखतात' हे त्याच मेसेजात वाचून मात्र हसू आलं. ग्लुकोजच्या रेणूवर देवगडचा शिक्का नसतो. तांब्याच्या भांड्यातल्या 'कंपनांनी पेशी एकमेकींशी बोलतात' यावर मी वेळ घालवणार नाही.

काही पुढे पाठवायचंच असेल तर हे पाठवा: पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा न उघडलेलं इन्सुलिन प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाण्याच्या माठात ठेवा. फ्रीज चालू असेल तर दाराच्या खणात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही; गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं. मावशीचं न उघडलेलं पेन अंड्यांच्या शेजारी असतं, तिथे ते ठीक आहे.