फुटलेली ट्यूब भंगारात टाकू नका, राजेहो

आज दुपारी आमच्या गल्लीतली डीपी उडाली. नवतपा सुरू, पारा ४५ च्या वर, आणि कूलर बंद. चार तासांनी गाडी आली, दुसरी डीपी बसवली, जळकी उचलून गाडीत टाकली. मी एवढंच विचारलं, "भाऊ, मागच्या मे महिन्यातही हीच उडाली होती. काहून उडते?" लाइनमन पोरगा म्हणे, "काका, लाइट आली ना? मग झालं!"

झालं म्हणे! कूलर सुरू झाला तरी डोकं तापलेलंच आहे.

घरी येऊन गेलेल्यांनी आमच्या शोकेसमधला लोखंडी तुकडा पाहिलाय. बाबा वीज केंद्रात फिटर होते. एका रात्रपाळीत बॉयलरची ट्यूब फुटली, माशाने तोंड वासावं तशी. साहेबांचा हुकूम आला, नवा तुकडा वेल्ड करा, जुना भंगारात टाका, सकाळपर्यंत युनिट चालू पाहिजे. बाबांनी तो फुटका भाग डब्याच्या पिशवीतून घरी आणला. आई चिडली. बाबा म्हणाले, "काठ बघ किती पातळ झालेत. आत पाण्याची वाट कुठंतरी तुंबली होती." तीन महिन्यांनी शेजारचीच ट्यूब फुटली.

आता जपानकडे बघा. फुकुशिमात २०११ च्या मार्चमध्ये तीन अणुभट्ट्यांचं इंधन वितळलं. आत अंदाजे ८८० टन वितळलेला गोळा पडलाय. तेरा वर्षं खटपट करून २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यातून बाहेर काय काढलं? ०.७ ग्रॅम. तुरीच्या दाण्याएवढा खडा! त्यासाठी २२ मीटरपर्यंत लांबणारी, मासे पकडायच्या गळासारखी काठी बनवली. ऑगस्टमध्ये ती ढकलायचे पाइपच चुकीच्या क्रमाने लावले गेले, काम थांबवलं, आणि ही चूक त्यांनी जगाला सांगितली. आपल्याकडे पाइपांचा क्रम कोण सांगतंय, बाप्पा!

आणि अमेरिकेचं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. अपघात १९७९ चा. भट्टीतल्या इंधनाच्या गाभ्याची किती वाट लागलीय हे १९८२ मध्ये कॅमेरा आत सोडला तेव्हा कळायला लागलं. निम्म्याच्या आसपास गाभा वितळला होता आणि त्यातला सुमारे १९ टन रस भट्टीच्या पोलादी पात्राच्या तळाशी जाऊन बसला होता. तरी पात्र फुटलं नाही. का नाही फुटलं? हे शोधायला अकरा देश एकत्र आले. तळाच्या पोलादातून होडीच्या आकाराचे पंधरा तुकडे कापले आणि तपासले. एके ठिकाणी पोलाद ११०० अंशांपर्यंत तापून गेलं होतं. अपघात एकाचा, तपासणारे अकरा. बाबांची पिशवीच ती, फक्त मोठी.

उलटं उदाहरण हवं? १९८३ मध्ये लिथुआनियातल्या इग्नालिनाला भट्टी सुरू करताना दिसलं होतं की नियंत्रण दांडे वरून आत घालताना पहिल्या क्षणी शक्ती कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकते. युक्रेनमधल्या चेर्नोबिलची भट्टी त्याच जातीची. तिथल्या रात्रपाळीवाल्यांना हे कुणी धड सांगितलं नाही. १९८६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी भट्टी बंद करायचं बटण दाबलं, दांडे खाली सुटले, शक्ती उसळली आणि भट्टी फुटली. वर पहिला दोषही त्या पोरांच्याच माथी मारला. लिहितानाही हात थरथरतोय माझा. कुठल्यातरी साहेबाच्या टेबलावर ती ट्यूब पडून होती ना!

हो, जपानी कंपनीनेही पहिले दोन महिने 'मेल्टडाउन', म्हणजे इंधन वितळणं, हा शब्द तोंडातून काढला नव्हता. तेही काही संत नाहीत. आणि अणुभट्टीचे सगळे कागद कुणी चौकात मांडत नाही, हेही मान्य. पण आपल्या तारापूरची १९६९ ची दोन युनिटं उकळत्या पाण्याची, म्हणजे फुकुशिमाच्याच जातीची. तो तुरीएवढा खडा 'जपानचा' म्हणून आपल्याला कसा सोडून देता येईल?

बाबांनी तो तुकडा दुसऱ्या फुटीनंतर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला होता. काय बोलणं झालं, कधी सांगितलं नाही. तुकडा मात्र परत घरी आला.

(मध्येच उठावं लागलं. तोच लाइनमन पोरगा आला होता, पाना विसरला म्हणून. वीस-बावीसचा असेल, घामाने चिंब, सकाळपासून ही सातवी डीपी म्हणे. मघाशी उगाच आवाज चढवला मी. त्याला पन्हं दिलं. पिता पिता त्याने शोकेसमधली ट्यूब हातात घेतली, काठावरून अंगठा फिरवला, विचारलं, "काका, ही आतून फुटली ना?" मग सांगितली सगळी गोष्ट. जाताना दारात थांबून म्हणाला, "डीपीचं जळकं बुशिंग अजून गाडीतच आहे. उद्या सकाळी आणून दाखवतो. पण साहेबाला सांगू नका.")