हिरवा लेझर घरी उघडावा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

खाली पडून मंद झालेल्या हिरव्या लेझर पॉइंटरचं डोकं, म्हणजे उजेड बाहेर पडतो तो पुढचा भाग, घरी उघडू नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, 'अक्कलकोट रोडला जॉबर म्हणून माग दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. चार-पाचशे रुपयांच्या लेझरला काय भ्यायचं? तुमच्यासारखे लोक दुरुस्तीची सवयच मोडतात.'

दुरुस्तीच्या सवयीबद्दल मी तुमच्याच बाजूचा आहे, आणि तुमच्या हाताबद्दल तर शंकाच नाही. पण मागाचं सेटिंग चुकलं की चादरीवर दोष उमटतो, तुम्हाला तो लगेच दिसतो आणि तुम्ही माग थांबवता. हिरव्या लेझरमधला धोक्याचा बिघाड डोळ्याला दिसतच नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे.

बहुतेक स्वस्त हिरव्या लेझरमध्ये हिरवा डायोड, म्हणजे थेट हिरवा उजेड देणारा भाग, नसतोच. ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा उजेड देणारा डायोड एका बारीक स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड निघतो आणि दुसरा स्फटिक त्यातून ५३२ चा हिरवा तयार करतो. लेझर पडला, स्फटिक केसभर सरकले, की हिरवा मंदावतो. मागचा डायोड मात्र तितक्याच जोरात चालू राहतो. तो इन्फ्रारेड अडवायला पुढं फिल्टरची छोटी काच लागते, ती स्वस्त मालात कधी कधी बसवलेलीच नसते. २०१० साली अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेनं तपासलेल्या एका स्वस्त लेझरमध्ये हिरवा फिका निघाला आणि इन्फ्रारेड जवळपास २० मिलिवॅट!

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे सर्किटवरचा छोटा प्रीसेट (करंट कमी-जास्त करायचा स्क्रू) फिरवा, उजेड वाढेल. खरा घात इथं होतो. करंट वाढला की हिरवा जेमतेम वाढतो, न दिसणारा भरपूर वाढतो. झगझगीत उजेड पडला की आपला डोळा पाव सेकंदात मिटतो, इन्फ्रारेडला तो मिटत नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदनाही होत नाहीत, त्यामुळं भाजलं तरी त्या क्षणी कळत नाही.

'मोबाइलच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड दिसतो की,' हे तुमचं खरं आहे. पण तो आहे एवढंच कळतं, किती आहे ते कळत नाही. शिवाय बऱ्याच कॅमेऱ्यांत फिल्टर असतो, म्हणजे दिसला नाही तरी निर्धास्त होता येत नाही. गॉगलचंही तेच. ८०८ आणि १०६४ ला तो किती अडवतो हे त्यावर छापलेलं नसेल, तर त्याच्या भरवशावर राहू नका.

मागची बाजू मात्र खुशाल उघडा. झाकण काढून स्प्रिंग बघा. अल्कलाइन सेल गळला असेल तर तिच्यावर पांढरट पूड धरलेली असते. व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस फिरवा, पूर्ण वाळू द्या, मग बारीक पॉलिश पेपरनं घासा. बटण मल्टिमीटरच्या बीपवर तपासा, वायर सुटली असेल तर सोल्डर करा. १८६५० चा (चार्ज होणारा लिथियम) सेल असेल तर पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. दुखणं अनेकदा इथंच सापडतं.

आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात आणखी एक गंमत होते. हिप्परग्याला तारे बघायला जाताना लेझर डॅशबोर्डवर तापत राहिला, तर काहीही न बिघडता मंद होतो. तापमान एका अंशानं वाढलं की डायोडची तरंगलांबी साधारण ०.३ नॅनोमीटरनं सरकते आणि स्फटिकाला तर ८०८ च हवी असते. आधी तो गार होऊ द्या.

तुमचा लेझर पडला होता की नुसताच मंद झाला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पडला नसेल तर स्प्रिंग आणि सेल तपासून रीडिंग इथंच कळवा, पुढचं बघू. पडला असेल तर डोक्याला हात लावू नका, आणि सेल आजच काढून ठेवा. घरात लहान पोरं असतील तर नक्कीच.