माझी ऑफर मालकांपर्यंत पोहोचलीच नाही

गेल्या दिवाळीपासून आम्ही बडोद्यात घर शोधत आहोत. या काळात एकवीस घरे पाहिली, त्यांतल्या एकाच घरासाठी मनापासून ऑफर दिली, आणि ती घरमालकांना नीट सांगितलीच गेली नव्हती हे मला ते घर विकले गेल्यानंतर दोन महिन्यांनी कळले. जो माणूस दोन्ही बाजूंकडून एक-एक टक्का दलाली मागतो त्याचे पहिले काम एकाचा शब्द दुसऱ्यापर्यंत नेणे हे आहे. त्याने नेमके तेच केले नाही, आणि याचा माझा संताप अजून उतरलेला नाही.

आमचे सध्याचे घर दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आणि उभा, पायऱ्या 29. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेले आहेत आणि वर्षभरात त्या दवाखान्याखेरीज कशासाठीही खाली उतरलेल्या नाहीत. म्हणून आम्हांला तळमजल्यावर निजायची खोली आणि न्हाणीघर असलेले टेनामेंट, म्हणजे स्वतंत्र घर, हवे होते, आणि समा भागात तसे एक मिळाले. दाराला एकच पायरी, मागे परसात लिंबाचे झाड, खिडकीतून दिवसभर उजेड. मालक 78 लाख मागत आहेत असे दलालाने सांगितले. ते खरोखर किती मागत होते हे मला आजही फक्त त्याच्याच शब्दावर ठाऊक आहे.

पहिल्याच भेटीत मी त्याला एक प्रश्न दोनदा विचारला: 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी या गल्लीत शिरले होते का? नदी धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर गेली होती आणि शहराचा मोठा भाग पाण्यात होता, त्यामुळे आज बडोद्यात घर पाहणारा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. या लेनमध्ये थेंबही आला नाही, असे त्याने माझ्या डोळ्यांत पाहून सांगितले. पण कपाटामागे भिंतीचा खालचा रंग ताजा होता, वरचा जुना होता, आणि खालचे सगळे स्विचबोर्ड काढून नव्याने छातीच्या उंचीवर बसवलेले होते. शेजारच्या बाईंनी दोन दिवस गुडघाभर पाणी होते हे मोकळेपणाने सांगितले. विकणाऱ्याने मालमत्तेतला सहज न दिसणारा दोष घेणाऱ्याला सांगितला पाहिजे असे मालमत्ता हस्तांतरणाचा 1882चा कायदा म्हणतो. मी या बाबतीत मालकांना मात्र दोष देणार नाही, त्याचे कारण पुढे येईल.

पाणी येऊनही घर आम्हांला हवेच होते. मिस्त्रीला नेऊन वायरिंग, नळ आणि तळमजल्याच्या फरशीचा अंदाज घेतला, तो सहा लाखांच्या आसपास निघाला. त्यावरून मी 70 लाखांची ऑफर लेखी दिली. भाव असा का लावला, लोन आधीच मंजूर कसे आहे, बानाखत (विक्रीचा करार) पंधरा दिवसांत आणि दस्तऐवज (खरेदीखत) तीन महिन्यांत कसा करू, हे सगळे एका पानावर लिहिले, बँकेच्या पत्राची प्रत जोडली आणि पाकीट दलालाच्या हातात दिले. ते मालकांसाठी होते. त्यावर हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार फक्त त्यांचा होता.

तिसऱ्या दिवशी दलालाचा फोन आला की घरमालक काका फार नाराज झाले आहेत, आणि शिवाय ‘बीजी पार्टी टोकन लईने बेठी छे’, म्हणजे दुसरी पार्टी टोकनची आगाऊ रक्कम घेऊन बसली आहे, तीही 75 लाखांवर. ही दुसरी पार्टी बडोद्यात घर शोधणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला आलेली आहे. ती नेहमी आपल्यापेक्षा थोडी वर असते आणि आज रात्रीच पैसे मोजणार असते, पण तिला कोणी कधी पाहिलेले नसते. वर मला असेही सांगण्यात आले की ‘साहेबांना फोन द्या, आकड्यांचे त्यांच्याशी बोलतो.’ साहेब म्हणजे माझा नवरा. लोन माझ्या पगारावर होते. दस्तऐवज माझ्या एकटीच्या नावे होणार होता, कारण गुजरातेत खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असेल तर 1 टक्का नोंदणी फी माफ होते आणि 4.9 टक्के मुद्रांक शुल्कच भरावे लागते. हा हिशेबही मीच त्याला कागदावर मांडून दाखवला होता. तरीही बोलायचे मात्र साहेबांशी.

आम्ही 73 लाखांपर्यंत गेलो, तेही लेखी. तेव्हा त्याने एक लाख रुपये रोख टोकन मागितले, तेही स्वतःच्या हातात आणि पावतीशिवाय. मालक कुठे आहेत असे विचारले तर ते बानाखताच्या दिवशीच भेटतील असे उत्तर मिळाले. घरासाठी 20 हजार किंवा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोख घेण्यास 2015पासून बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे मी त्याला सांगितले आणि मालकांच्या नावे चेक देऊ केला. त्यावर त्याने दुसराच मार्ग सुचवला: दस्तऐवज 49 लाखांचा करा, म्हणजे 50 लाखांपासून लागणारा 1 टक्का टीडीएसही (घेणाऱ्याने किमतीतून कापून सरकारकडे भरायचा कर) कापावा लागणार नाही, आणि उरलेले रोख द्या. उरलेले म्हणजे 24 लाख. बँक लोन देते ते दस्तऐवजाच्या किमतीकडे पाहून, आणि पगारावर जगणाऱ्या माणसाच्या घरात 24 लाखांच्या नोटा नसतात. मी नकार दिला. त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले, आणि आठव्या दिवशी दोनच शब्दांचा निरोप आला: घर गेले.

दोन महिन्यांनी त्याच गल्लीत राहणाऱ्या माझ्या सहकारी मैत्रिणीच्या मावशीकडे जाण्याचा योग आला, आणि तिथे मला ते काका भेटले. पत्नी गेल्यापासून एकटे, आता मुलीकडे सुरतेला राहायला गेलेले, जुनी टपाले घ्यायला आले होते. मी कोण ते कळल्यावर ते म्हणाले, ‘तुम्हांला घर आवडले होते, पण लोन नामंजूर झाले ना?’ मला क्षणभर काही सुचेना. मी फोनमधला त्या 73 लाखांच्या पत्राचा फोटो काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. त्यांच्या हातात 68 लाख आले होते. लोनवाली पार्टी फिसकटली, याहून जास्त आता कोणी देणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले होते. आणि मी न विचारताच त्यांनी मला पुराचे सांगितले, पाणी कुठवर आले होते ते भिंतीवर हात ठेवून दाखवले. आमची गाठ एकदा जरी घालून दिली असती तर दहा मिनिटांत सौदा झाला असता.

तेच टेनामेंट आज त्याच दलालाच्या यादीत 82 लाखांना आहे. आपण ज्याच्यासाठी काम करतो त्याच्या सौद्यात स्वतःचा हितसंबंध असेल तर दलालाने तो उघड करून संमती घेतली पाहिजे, हे 1872च्या करार कायद्यात आहे. पण ते सिद्ध करायला एकट्या वृद्ध माणसाने कोर्टाची पायरी चढायची का? 2016च्या रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने दलालांना नोंदणी सक्तीची केली, पण ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीपुरती. जुने टेनामेंट एकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा ती लागू होत नाही. प्रत्येक ऑफर तारखेसह त्याच दिवशी मालकांना दाखवावी आणि उत्तर मालकांच्या सहीने यावे, एवढेच मी मागत होते.

याहून जास्त त्रास मला आमच्याच नातेवाइकांचा झाला. टोकन देऊन टाकायचे होते, सगळीकडे असेच चालते, तू कायदा काढून बसलीस म्हणून घर गेले, असे मला आमच्याच घरात ऐकावे लागले. घर माझ्या नकाराने गेले नाही. काकांच्या पाच लाखांवर आणि आमच्या तळमजल्यावर एका माणसाने मध्ये बसून पाणी फिरवले म्हणून ते गेले.

गेल्या आठवड्यात त्याचाच पुन्हा फोन आला. हरणीत एक टेनामेंट आहे, बजेट किती, असे विचारत होता. मालक समोर बसलेले असतील तरच आकडा सांगेन, असे मी म्हणाले. ‘बेन, आपल्यात तशी पद्धत नाही,’ असे उत्तर आले आणि मी फोन ठेवला. सासूबाईंची पुढची तपासणी मंगळवारी आहे. त्या दिवशी पुन्हा 29 पायऱ्या उतरायच्या आहेत आणि परतल्यावर तेवढ्याच चढायच्या आहेत.