निळं छान दिसतंय, राहू द्या

परवा संध्याकाळी विक्री विभागाचे आमचे साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी डेमो. एलव्हीजीएल, म्हणजे छोट्या पडद्यांवर बटणं-चित्रं काढणारी लायब्ररी (तयार कोडचा संच), यंत्राच्या बोर्डावर नुकतीच चढली होती, बटणं पहिल्यांदाच उमटली होती. फक्त 'थांबा' निळं दिसत होतं आणि 'चालू' लालसर.

"वा! निळं छान दिसतंय."

"सर, ते लाल आहे."

"कुठे?"

"मेमरीत."

साहेबांनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, काळजीने. मी समजावलं. एका ठिपक्याला 16 बिट, म्हणजे दोन बाइट. प्रोसेसर धाकटा बाइट पुढे करतो, स्क्रीनला थोरला आधी हवा. क्रम उलटला की लालाचं निळं, निळ्याचं हिरवं, हिरव्याचं लालसर; नुसती संगीतखुर्ची. बाइटची अदलाबदल केली की झालं.

"कशाला? राहू द्या. शांत वाटतं."

"सर, या यंत्रात हात अडकू शकतो."

"मग तर शांतच रंग हवा."

यावर काय बोलणार? मी गुपचूप अदलाबदल केली. लाल आल्यावर ते म्हणाले, "मघाचं बरं होतं." मग खिशातून मोबाईल काढून सर्रकन वरखाली सरकवून दाखवला. "असं का होत नाही?"

आता 320 गुणिले 240, गुणिले दोन बाइट म्हणजे 1,53,600 बाइट. चिपची रॅम 64 केबी. पूर्ण चित्र मावतच नाही, म्हणून दहाव्या हिश्शाचा बफर, म्हणजे तात्पुरती जागा, घेऊन तुकड्यातुकड्याने रंगवायचं. वर चिपमधून पडद्याकडे डेटा नेणारी एसपीआय ही जोडणी 40 मेगाहर्ट्झवर. अख्खा पडदा सेकंदाला 32 वेळा बदलला तरी डोक्यावरून पाणी. हे सांगून होईतो साहेबांना फोन आला होता.

या लायब्ररीची नमुना कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, मला आवडते. तिची प्रत काढायची, नाव बदलायचं आणि वरच्याच एका ओळीत 0 चा 1 करायचा. तोवर आत लिहिलेलं काहीही लागू होत नाही. निदान ती तसं वरच लिहून ठेवते. साहेबांच्या डोक्यावर अशी ओळ असती तर मी केव्हाच 1 केला असता. शिवाय 2024 साली नववी आवृत्ती आली, तिच्यात डिस्प्ले जोडायची फंक्शन्सच बदलली. इंटरनेटवरची अर्धी उदाहरणं आठवीतलीच. ही सगळी जुळवाजुळव कोण करतं? असो.

फोन संपवून ते परत आले. "याचं लायसन्स केवढ्याला?"

"फुकट. एमआयटी लायसन्स आहे."

"फुकट? मग तुमचा एवढा वेळ कशात गेला?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचा चेहरा उजळला. "थांबा. एमआयटी म्हणजे ती अमेरिकेतली?"

म्हटलं, नाव तिथलंच, पण ही लायब्ररी हंगेरीच्या गाबोर किश-वामोशी यांनी सुरू केली. अट एवढीच, की कॉपीराइटची सूचना सोबत ठेवायची. ऐकतंय कोण! काल ग्राहकासमोर साहेब छाती काढून म्हणाले, "एमआयटीचं तंत्रज्ञान आहे." टाळ्या पडल्या. गाबोरला काही नाही, मलाही काही नाही.

ग्राहकाने खूश होऊन 800 बाय 480 चा पडदा मागितला. साहेबांनी लगेच होकार भरला. चिप तीच, तारीख पुढच्याच महिन्याची. आणि आज जे दरपत्रक गेलं, त्यात 'ग्राफिक्स' या ओळीपुढे त्यांनी स्वतःच्या हाताने शून्य लिहिलंय.