सॅटिनचा मामा

भाचीच्या लग्नात मामाचं काम ठरलेलं असतं. मुलीला बोहल्यापाशी आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं. माझी तयारी तेवढीच होती. पण भाची म्हणाली, "मामा, रिसेप्शनच्या बुकेला रिबीन तू बांध ना. तुझा हात चांगलाय." माझ्या हाताचा आजवरचा पुरावा म्हणजे दर महिन्याला बांधलेला रद्दीचा गठ्ठा. मामा बनवणं म्हणतात ते हेच.

खरं तर तयार बुके मिळाला असता. पण "मोगलांनी ज्याला गुलशनाबाद म्हटलं त्या नाशकात राहून विकतचा बुके?" असं आदल्या रात्री जेवताना मीच बोलून बसलो होतो. कढीभातावर इतिहास काढू नये. पहाटे गणेशवाडीच्या फुलबाजारातून डच गुलाबांची वीसची जुडी आणली आणि दुकानं उघडल्यावर मेनरोडला रिबीन. "गुलाबी द्या," म्हणालो. दुकानदाराने सात गुलाबी रिळं मांडली आणि माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. एक उचललं. घरी आल्यावर कळलं, ते गाजरी होतं.

काटे काढले, पानं काढली. माझी दोन बोटं कामातून गेली. दांडे पुसायचे असतात हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे पहिल्याच वेढ्याला रिबीन ओली होऊन तिच्यावर नकाशे उमटले. दुसऱ्या खेपेला दांडे टॉवेलने कोरडे केले. (टॉवेल व्याह्यांसाठी काढलेला नवा होता. त्याबद्दल पुढे बरंच बोलणं झालं, ते इथे नको.)

सॅटिन एका अंगाने चकचकीत आणि दुसऱ्या अंगाने उदास असतं. बो बांधताना गाठीपाशी तिला एक पीळ द्यावा लागतो, नाहीतर एक कान हसरा आणि एक सुतकी निघतो. माझे दोन्ही सुतकी निघाले. सोडून पुन्हा बांधला, तर एक वर, एक खाली. पुन्हा बांधला, तर बरोबर रद्दीची गाठ! हातांना सवयच ती. कापलेल्या टोकांचे धागे सुटायला लागले, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, मेणबत्तीवर नुसतं दाखवा, कड वितळून बसते." मी जरा जास्तच दाखवलं. त्यानंतर रिबीन वीतभर कमी झाली आणि खोलीत प्लास्टिक जळाल्याचा वास पसरला.

चार वाजले. लॉन गंगापूर रोडला, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. तेवढ्यात आई आत आली. एकदा बुकेकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "सरक."

ती पलंगावर बसली. बुके दोन गुडघ्यांत धरला आणि रिबिनीचं एक टोक दातांत. ताई दहावी होईपर्यंत रोज सकाळी तिच्या दोन वेण्या लाल रिबिनीने वर बांधणारे हात ते! सर्रकन पीळ, एक कान, दुसरा कान, खसकन आवळलं. मधेच एक गुलाब कलला, तशी त्याच्यावर खेकसली, "मान सरळ!"

दारात येवल्याची पैठणी नेसून ताई उभी होती. वधूची आई, वय वर्षं त्रेपन्न. तिची मान ताठ झाली.

बो असा बसला की रात्री फोटोग्राफरने त्याचा वेगळा फोटो काढला. "कोणी बांधला?" असं विचारणाऱ्यांना भाची "मामाने" म्हणून सांगत होती आणि मी ते खोडून काढत नव्हतो.

उरलेलं रीळ बरेच दिवस ड्रॉवरमध्ये पडून होतं. परवा सुतळी सापडेना. रद्दीवाल्याने गठ्ठा तराजूत ठेवला, गाजरी सॅटिनच्या गाठीकडे बघितलं आणि विचारलं, "काका, कोणाला द्यायचंय का हे?"