टॅटू, घाई आणि कंजुषी: ज्यूंच्या अंत्यविधीबद्दल एक खोटा मजकूर

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो: अंगावर टॅटू असलेल्या ज्यूला त्यांच्या दफनभूमीत जागा मिळत नाही, मयत ते घाईघाईने पुरून मोकळे होतात, खर्च वाचवायला साध्या कापडात गुंडाळतात आणि आत्मा बाहेर येऊ नये म्हणून कबरीवर दगड ठेवतात. हे मराठीतून फिरावं याचं नवल वाटतं. बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, कोकणात शतकानुशतकं राहिले, त्यांच्या कबरींवर हिब्रूशेजारी मराठी मजकूर आहे. कुणाला विचारायचं म्हटलं तर फार लांब जावं लागत नाही.

टॅटूचं आधी. अंगावर गोंदवू नका, असं ज्यूंच्या धर्मग्रंथात, लेवीय 19:28 मध्ये आहे, एवढं खरं. पण गोंदवलेल्याला पुरू नका, असं ना तिथे आहे, ना पुढच्या धर्मशास्त्रात. एखाद्या दफनभूमीने स्वतःचा नियम केलाच, तर तो तिचा; धर्माच्या नावावर खपवू नये. नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीत कैद्यांच्या हातावर जबरदस्तीने नंबर गोंदले, त्यात तर त्यांचा दोषच नाही.

दफन लवकर करतात, हे खरं. जेरुसलेममध्ये तर रात्रीही करतात. पण परगावचा मुलगा पोचायचा असेल तर थांबतात, आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, दफन नाही. तोवर मयताला एकटं सोडत नाहीत. कुणीतरी शेजारी बसून स्तोत्रं म्हणतं. पुढे घरचे सात दिवस सुतकात बसतात, पहिलं जेवण शेजारी आणतात. मोकळं व्हायची घाई असलेल्यांची ही रीत नव्हे.

कंजुषीचा आरोप सगळ्यात चुकीचा. तालमुद हा ज्यूंचा जुना धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो, की एके काळी अंत्यविधीचा खर्च इतका वाढला होता की नातेवाईक मयत टाकून पळून जात. मग रब्बान गमलिएल या मोठ्या धर्मगुरूंना साध्या लिननच्या कपड्यांत नेलं गेलं आणि लोकांनी तोच पायंडा उचलला. आजही गरीब-श्रीमंत सगळ्यांना तोच पांढरा पोशाख, आणि त्याला खिसा नसतो. स्नान घालणारे समाजातलेच लोक, पुरुषांना पुरुष, बायकांना बायका. काही चुकलं असेल तर माफ कर, असं ते मयताला नाव घेऊन सांगतात. इस्रायलमध्ये बहुतेकदा पेटीही नसते.

उरले दगड. लोकसमजुतीत भुताखेतांची कारणंही सापडतील, पण धर्माचा तसा नियम नाही. भेटायला आलेला माणूस, आपण येऊन गेलो याची खूण म्हणून, एक खडा ठेवतो. फुलांचा रिवाज फारसा नाहीच.