‘पळून आलेल्यांचं कौतुक’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘ब्रूम ते ओरो बे’ या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलं आहे त्याला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळं लिहितो आहे. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा असा : दुसऱ्या महायुद्धात डचांच्या वसाहतीतून (आजच्या इंडोनेशियातून) ऑस्ट्रेलियात आलेल्या डच वैमानिकांवर आणि बोटींवर मी उगाच एवढं लिहिलं, हिऱ्यांची गोष्ट तेवढी वाचनीय आहे, नकाशा नाही, इंडोनेशियन खलाश्यांवर एक ओळ नाही, मराठी वाचकाला याचं काय. आणि मधोमध हे वाक्य : ‘जावा जपान्यांच्या हाती देऊन पळून आलेल्यांचं एवढं कौतुक कशाला? घरी बसून असले लेख कुणीही पाडेल.’

मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. पण टोपणनाव घेऊन, ओळखदेख नसताना, दुसऱ्याच्या कामाबद्दल ‘पाडेल’ म्हणायचं ही कुठली रीत? तुमचं वाचन माझ्याहून जास्त असेल तर आनंद आहे, तसं सांगा. मी ऐकून घेईन. मात्र कुणाच्या घरी जाऊन कुणी असं बोलत नाही.

नकाशाचं मान्य. तिमोर कुठे, ब्रूम कुठे, मिल्न बे कुठे हे डोळ्यांसमोर नसेल तर सगळी नुसती नावं राहतात. नकाशा टाकतो.

आता ‘पळून आलेले’. २७ फेब्रुवारी १९४२ ला जावा समुद्राच्या लढाईत डच नौदलाचे अधिकारी कारेल डोरमन आपल्या नौकेसकट बुडाले. ‘डे रॉयटर’ आणि ‘जावा’ या दोन्ही डच क्रूझर (मोठ्या युद्धनौका) त्याच रात्री गेल्या. बेटाचं रक्षण करायचं ते आरमार असं समुद्राच्या तळाशी होतं. तुम्ही म्हणता तसं जावा ‘हाती दिलं’ ते ८ मार्चला. वायव्य ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम गावावरचा जपानी हल्ला ३ मार्चचा. म्हणजे ब्रूमला डच विमानं उतरत होती तेव्हा जावात लढाई चालूच होती, आणि हे वैमानिक जावा ते ब्रूम खेपा घालून बायकामुलांना बाहेर काढत होते. याला तुम्ही पळून येणं म्हणता?

त्या सकाळी ब्रूमच्या रोबक बे नावाच्या उपसागरात १५ सागरी विमानं पाण्यावर होती, निम्म्याहून अधिक डचांची. तिथल्या भरती-ओहोटीत पाणी कित्येक मीटर चढतं आणि उतरतं. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. किनाऱ्यावर माणसं उतरवणं अवघड, गावात एवढ्यांची सोय नाही, म्हणून रात्री आलेली कुटुंबं विमानातच थांबली होती. तिमोरहून नऊ जपानी झीरो लढाऊ विमानं आली. पंधराच्या पंधरा सागरी विमानं गेली, किमान ८८ माणसं मेली. धावपट्टीवर गुस विंकेल या डच वैमानिकाने आपल्या लोडस्टार विमानातली मशीनगन काढून हातावर तोलली आणि एक झीरो पाडलं. तापलेल्या नळीने त्याचा हात भाजला. पळून जाणारा माणूस मशीनगन घेऊन उघड्यावर उभा राहतो का, याचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे.

आणि ती ‘वाचनीय’ हिऱ्यांची गोष्ट. वैमानिक इव्हान स्मिर्नोफचं डीसी-३ प्रवासी विमान त्याच दिवशी ब्रूमच्या उत्तरेला कार्नॉट बेच्या किनाऱ्यावर पाडलं गेलं. हिऱ्यांचं पुडकं हरवलं, पुढे खटला चालला, सगळे सुटले, हे सगळ्यांना आवडतं. पण त्या विमानातले चारजण मेले. त्यांत एक आई होती आणि तिचं तान्हं बाळ होतं. मदत पोचेपर्यंत ती माणसं उन्हात पाण्यासाठी तडफडत राहिली. तुमच्या लक्षात हिरे राहिले. मला ते बाळ विसरता येत नाही, आणि लेख लिहिण्याचं निम्मं कारण तेच आहे.

‘घरी बसून’ असं तुम्ही मला उद्देशून म्हटलं आहे. माझं उभं आयुष्य मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये गेलं. फ्रीमँटलच्या धक्क्याला आमची बोट लागायची तेव्हा त्या बंदरात युद्धकाळात डच पाणबुड्या उभ्या असायच्या हे मी तिथल्या जुन्या माणसांकडून ऐकलेलं आहे. मुलीकडे पर्थला गेलो असताना कराकाटाच्या दफनभूमीत ब्रूमहून हलवलेल्या त्या डच कबरींसमोर उभा राहिलेलो आहे. एकदा आमची बोट प्रवाळावर बसली होती. तळाचा पत्रा घासतानाचा आवाज खाली असलेल्या माणसाला कसा ऐकू येतो, ते घरी बसून कळत नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे ऑपरेशन लिलिपुट, ज्याचा तुम्ही उल्लेखही केला नाही. डिसेंबर १९४२ ते जून १९४३ मित्रराष्ट्रांच्या सैन्याला सामान पोचवणारी मिल्न बे ते ओरो बे ही वाहतूक चालली, तीत केपीएम या डच कंपनीच्या बोटी होत्या. न्यू गिनीच्या त्या किनाऱ्याचे धड चार्ट नव्हते. दिवा नाही, बोया नाही, खाली प्रवाळ आणि वर जपानी विमानं. ११ डिसेंबरच्या रात्री ‘कार्सिक’ चार स्टुअर्ट रणगाडे घेऊन ओरो बेला पोचली. बुनाच्या लढाईत ऑस्ट्रेलियन पायदळाला ज्या रणगाड्यांची साथ मिळाली त्यांतले हे. एकूण सुमारे ६० हजार टन सामान या मार्गाने गेलं. ‘स याकोब’ मार्च १९४३ मध्ये बॉम्बने बुडाली, ‘व्हान हेम्सकेर्क’ एप्रिलमध्ये मिल्न बेमध्ये जळाली. या बोटींवर डच अधिकारी होते आणि खाली भट्टीपाशी, डेकवर बहुतेक जावाचे खलाशी. तुमच्या हिशेबाने तेही पळपुटेच ठरतात. तसं म्हणायची तयारी असेल तर उघड म्हणा.

झाडांच्या फांद्यांनी स्वतःला झाकून, दिवसा बेटांच्या कडेला थांबत ऑस्ट्रेलिया गाठणारी ‘अब्राहम क्रैनसन’ ही डच सुरुंगशोधक नौका तर तुम्हाला पळण्याचा पुरावाच वाटेल. ती सप्टेंबर १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियन नौदलात दाखल झाली. एप्रिल १९४२ मध्ये कॅनबेराला उभी राहिलेली १८ क्रमांकाची स्क्वाड्रन, जिच्यात डच आणि ऑस्ट्रेलियन एकाच विमानात उडत, ती डार्विनच्या दक्षिणेच्या धावपट्ट्यांवरून तिमोर आणि आसपासच्या बेटांवर बॉम्बफेक करत होती. हे सगळं लेखात आहे. वाचलंत का, ही शंका येते.

इंडोनेशियन खलाश्यांचं म्हणाल तर, सप्टेंबर १९४५ मध्ये ब्रिस्बेनला त्यांनी डच बोटी सोडल्या, गोदी कामगारांनी त्या बोटींवर बहिष्कार घातला, पुढे हिंदी खलाशीही त्यात उतरले, हे मला ठाऊक आहे. माझा लेख युद्ध संपतं तिथे संपतो. विषय वेगळा आहे, त्यावर इथे बोलणार नाही. डचांची वसाहतशाही मला मान्य आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही. आणि मराठी वाचकाला काय आवडतं हे मराठी वाचक ठरवतील.

पुढचा लेख ‘के-९’ या डच पाणबुडीवर आहे : ३१ मे १९४२ च्या रात्री सिडनी बंदरात टॉर्पेडो तिच्याखालून गेला आणि ‘कुट्टाबूल’ या ऑस्ट्रेलियन नौदलाच्या बोटीवरचे २१ खलाशी मेले, त्याबद्दल. तो वाचा, त्यातली तारीख चुकली असेल तर दाखवा, नावानिशी दाखवा. रोबक बेमध्ये मेलेल्यांना पळपुटे म्हणणारी प्रतिक्रिया मात्र पुन्हा आली, तर मी ती इथे ठेवणार नाही.